बोटीवरच्या आजोबांचा माग : जुन्या जहाजी कागदांतून पूर्वज कसा शोधावा

आमच्या घरात एक गोष्ट होती. आजोबा 'मालोजी' बोटीवर होते, लढाईत ती बोट फुटली आणि आजोबा पोहून आले. आजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायची की ती खरी आहे का, असं कुणी विचारलंच नाही. बोटीचं नाव मालोजी कसं असेल, हाही प्रश्न कुणाला पडला नाही. भोसल्यांच्या घराण्यातलं असेल!

पाच वर्षांपूर्वी मी ती बोट शोधायला बसलो. तिचं नाव निघालं 'मालोजा'. ही स्वित्झर्लंडमधली एक खिंड. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने ते नाव दोन प्रवासी बोटींना दिलं होतं. पहिली १९११ ची, २७ फेब्रुवारी १९१६ रोजी इंग्लंडच्या डोव्हर बंदराजवळ सुरुंगावर आदळून बुडालेली. दुसरी १९२३ ची, १९५४ साली भंगारात निघालेली. आजोबा नक्की कुठल्या बोटीवर, हे ठरवण्यात माझं दीड वर्ष गेलं. त्यातलं निदान एक वर्ष वाचलं असतं. ते तुमचं तरी वाचावं म्हणून हे लिहितोय.

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धन, दाभोळ, बारदेश, सासष्टी या पट्ट्यातल्या हजारो घरांतून माणसं विलायती बोटींवर गेली. ब्रिटिश कागदांत त्यांना सरसकट 'लॅस्कर' म्हटलंय. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांच्या आसपास लोक होते. त्यांच्या नोंदी आहेत, पण त्या मुंबईत एका कपाटात लावून ठेवलेल्या नाहीत. लंडन, ग्रिनिच, कॅनडातलं एक बेट, सिडनी आणि आपल्या तहसील कचेरीचं रेकॉर्ड रूम अशा पाच ठिकाणी त्या विखुरल्या आहेत.

शोधाची दिशा आधीच सांगून ठेवतो, कारण सगळे इथंच चुकतात. माणसाचं नाव शोधू नका, बोट शोधा. आणि बोटीवर गेल्यावर माणसाच्या आधी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, शोधा.

जवळ काय काय हवं

- आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि वाडी. आडनाव असलं तर बरं, नसलं तरी चालेल.
- जन्माचं अंदाजे साल, पाच वर्षं इकडंतिकडं चालेल
- बोटीचं किंवा कंपनीचं नाव, ऐकीव असलं तरी
- नोकरीची साधारण दहा वर्षं
- जुने कागद, फोटो, पदकं यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन
- मोडी वाचणारी एक व्यक्ती
- एक जाड वही. संगणकावरची फाइल नको. कुठं शोधलं आणि काय सापडलं नाही हे तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर तीच यादी तीनदा चाळाल. मी चाळली आहे.

## १. घरातली पेटी उघडा

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे खलाशाचं डिस्चार्ज पुस्तक, पूर्ण नाव 'कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट'. आज सगळे सीडीसी म्हणतात. जुन्या खलाश्यांत त्याला 'नळी' म्हणत, कारण हे कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायची पद्धत होती. म्हणून म्हाताऱ्या माणसाला "सीडीसी आहे का?" असं विचारू नका, "आजोबांची नळी कुठाय?" असं विचारा. आमच्याकडे ती माळ्यावर, लग्नातल्या समयांच्या खोक्यात निघाली. पुस्तक नव्हतंच, तीन सुटे दाखले होते आणि त्यातल्या एकाला उंदराने कोपऱ्यातून कुरतडलं होतं.

पुस्तकात प्रत्येक सफरीची एक ओळ असते : बोटीचं नाव, तिचा अधिकृत क्रमांक, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, आणि वागणुकीचा शेरा. 'व्हेरी गुड'चा शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो जवळजवळ प्रत्येकाला मिळायचा. तो नसेल तर मात्र काहीतरी घडलं होतं, असं समजा. असं पुस्तक घरात असेल तर फक्त चौथी पायरी गाळा, तिसरीवरून थेट पाचवीवर जा.

पुस्तक नसलं तर पुढच्या गोष्टी पाहा. मनिऑर्डरच्या पावत्या. बोटीच्या पत्त्यावर पाठवलेली पाकिटं. फोटोत गंजिफ्रॉकवर किंवा टोपीवर विणलेली कंपनीची अक्षरं, आणि फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का. पदक असेल तर त्याची कड भिंगातून वाचा. पहिल्या महायुद्धातलं व्यापारी जहाजांचं काशाचं पदक असलं तर कडेवर माणसाचं नाव कोरलेलं असतं, आणि ते इंग्रजांनी जसं लिहिलं तसंच. ते स्पेलिंग उतरवून घ्या, पुढं तेच उपयोगी पडणार आहे.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला. पण त्यांना साल विचारू नका. कोकणातल्या कुठल्याही आजीला १९४३ सांगता येणार नाही, मात्र खुणेच्या घटना पक्क्या आठवतात. गोदीत स्फोट झाला तेव्हा (१४ एप्रिल १९४४) आजोबा घरी होते की बोटीवर? 'रामदास' बुडाली तेव्हा (१७ जुलै १९४७)? गोवा सुटला तेव्हा? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा? अशा चार खुणा मिळाल्या की नोकरीचा कालखंड आपोआप आखला जातो.

सापळा : घरची गोष्ट सांगताना हुद्दा वाढतो. 'कप्तान होते' म्हणजे बहुतेक वेळा सारंग किंवा टंडेल. 'नेव्हीत होते' म्हणजे बहुतेक वेळा व्यापारी जहाजावर. आरमाराचे कागद पूर्णपणे वेगळे असतात आणि तिकडं शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही. तिसरी गल्लत किनाऱ्यावरच्या आगबोटींची. घरात बोटीचं नाव 'तुकाराम' किंवा 'रामदास' असं संतांचं सांगत असतील, तर आजोबा मुंबई-कोकण फेरीच्या बोटीवर होते. त्यांचं नाव विलायतेच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही.

## २. आधी माणूस जमिनीवर पक्का करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मी टाळलं आणि पस्तावलो.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी कोतवाल बुकं असतात, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंदवही. जातीच्या दाखल्यासाठी हल्ली तिथं रांगा लागतात, त्यामुळे अर्ज कसा करायचा ते कुणीही सांगेल. जुनी पानं मोडीत असतात. नक्कल घ्या, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. शाळेचं जनरल रजिस्टर आणि जमिनीचे फेरफारही बघा. वारसाच्या फेरफारात बापाच्या मृत्यूचं साल आणि भावांची नावं एका ओळीत मिळतात. कधी "सदर इसम बोटीवर नोकरीस" असंही लिहिलेलं असतं.

कोतवाल बुकात आजोबांचा जन्म १९०८ चा निघाला. म्हणजे पहिली मालोजा बुडाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आजीच्या गोष्टीतला पोहणारा माणूस कुणीतरी दुसराच होता. ही नोंद मी आधी काढली असती, तर पहिल्या बोटीच्या यादीमागं आठ महिने धावलो नसतो.

जिल्ह्यांची नावं बदलली आहेत, तेही ध्यानात घ्या. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीच्या कागदात मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरीत. रायगडचं नाव कुलाबा. मुरूड आणि श्रीवर्धन जंजिरा संस्थानात, सावंतवाडी वेगळं संस्थान. त्यामुळे तिथला माणूस जहाजी यादीत जिल्ह्याच्या नावाखाली सापडेलच असं नाही.

गोव्याच्या मंडळींसाठी वाट थोडी वेगळी आहे. तारवटी, म्हणजे बोटीवरचा गोवेकर, १९६१ पर्यंत पोर्तुगीज प्रजाजन होता, म्हणून जहाजी यादीत राष्ट्रीयत्व 'पोर्तुगीज' आणि जन्मस्थळ नुसतं 'गोवा' असं येतं. डिसोझा, फर्नांडिस यांच्या गर्दीत एवढ्यावर माणूस ओळखणं अशक्य. त्याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे गावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद. दुसरा म्हणजे मुंबईतली कूड. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्यातल्या एकेका गावाच्या नावानं क्लब होते, खलाशी बोट लागेपर्यंत तिथं राहायचे. घरातल्या एखाद्या पाकिटावर कुडीचा पत्ता असला, तर गाव कळलंच म्हणून समजा. कोकणातल्या हिंदू-मुसलमान खलाशांच्याही मुंबईत गावाच्या, जमातीच्या खोल्या होत्या. डोंगरी-मस्जिद बंदर भागातला जुना पत्ता मिळाला तर तो टाकून देऊ नका.

## ३. हुद्द्यांची भाषा शिका

यादी तीन खात्यांत विभागलेली असते : डेक, इंजिन आणि सलून. आजोबा कुठल्या खात्यात होते हे माहीत असेल तर दोन तृतीयांश नावं वाचायची गरज उरत नाही.

डेकवर सगळ्यात वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाण धरणारा सुकाणी, सामानसुमान सांभाळणारा कसाब, बाकीचे खलाशी. जेवण करणारा भंडारी. (भंडारी जातीचा माणूस आणि भंडारी हुद्द्याचा माणूस यांत गोंधळ करू नका. आमच्या एका नातेवाइकाने यावरून अख्खी वंशावळ चुकवली.) साफसफाई करणारा टोपास. इंजिनाकडं वेगळा सारंग, आणि भट्टीवर आगवाला, तेलपाणी करणारा तेलवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला. सलूनमध्ये बटलर, स्टुअर्ड, पँट्रीवाले.

मुंबईतून भरती झालेल्या बोटींवर डेकला कोकणातले आणि गुजरात किनाऱ्यावरचे लोक जास्त, इंजिनाला पंजाबकडचे पुष्कळ आणि सलूनला गोव्याचे ख्रिस्ती, अशी साधारण वाटणी असे. अपवाद भरपूर आहेत, तरी सुरुवात इथून करा.

## ४. बोट ओळखा, म्हणजे तिचा क्रमांक मिळवा

ब्रिटनमध्ये १८५४ च्या कायद्यानंतर प्रत्येक नोंदणीकृत जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळू लागला. जहाज विकलं, नाव बदललं, मालक बदलला, तरी तो तोच राहतो. आपल्याकडं सर्व्हे नंबर असतो, तसा. सगळ्या जुन्या याद्या याच क्रमांकाखाली लावलेल्या आहेत, नावाखाली नाही.

क्रमांक शोधायला 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट' ही ब्रिटनमधल्या हौशी अभ्यासकांनी उभी केलेली मोफत साइट पुरते. जहाजाचं नाव टाकलं की त्या नावाची सगळी जहाजं, बांधणीचं साल आणि क्रमांक दिसतात. वजन, मालक वगैरे तपशिलांसाठी लॉइड्स रजिस्टरचे जुने खंड नेटवर चाळता येतात.

सापळा : कंपन्या जुनीच नावं पुन्हा वापरायच्या. मालोजा, मुलतान, असं बरंच. पी अँड ओची एक मुलतान १९०५ ची, १९१७ साली बुडाली. दुसरी १९२३ ची. नुसतं नाव घेऊन पत्रव्यवहार केलात तर चुकीच्या बोटीच्या यादीचे पैसे भराल.

बोटीचं नाव घरात बिघडलेलं असणार हे गृहीत धरा. आमची मालोजी झाली, तसं तुमच्याकडंही काहीतरी झालेलं असेल. ऐकलेलं नाव मोठ्याने म्हणा, शेवटचा स्वर बदलून पाहा, आणि कंपनीच्या सगळ्या बोटींच्या यादीशी ताडा. क्लॅन लाइनच्या बोटी 'क्लॅन'पासून सुरू होतात, सिटी लाइनच्या 'सिटी ऑफ'पासून. घरात 'सिटीवर होते' असं म्हणत असतील तर मुंबई शहर समजू नका.

## ५. त्या वर्षाची यादी कुठल्या देशात आहे ते बघा

प्रत्येक सफरीआधी कप्तान आणि खलाशी यांच्यात करार व्हायचा. मुंबईत हे सरकारी शिपिंग मास्टरसमोर होई. त्या कराराला जोडलेली नावांची यादी म्हणजे क्रू लिस्ट, आणि आपल्याला तीच हवी आहे.

ब्रिटनमध्ये या याद्यांचे डोंगर झाले. सगळं ठेवायला जागा नाही, म्हणून सरकारी अभिलेखागाराने दहा टक्के ठेवायचं ठरवलं. बाकीचा मोठा भाग रद्दीत जाणार होता. तो कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मेमोरियल विद्यापीठाने उचलला आणि १९७१ पासून तिथल्या 'मेरिटाइम हिस्ट्री आर्काइव्ह'मध्ये ठेवला. दाभोळच्या खलाशाचा कागद उत्तर अटलांटिकमधल्या एका मासेमारीच्या बेटावर गेला तो असा.

आता वर्षाप्रमाणे वाटणी :

- ५ ने संपणारी वर्षं (१८६५, १८७५ … १९१५, १९२५, १९३५), शिवाय १८६१ आणि १८६२ : ग्रिनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम. अपवाद १९४५.
- १९३९ ते १९५० : लंडनजवळ क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज. मालिकांची नावं बीटी ९९, बीटी ३८०, बीटी ३८१.
- १८६३ ते १९३८ आणि १९५१ ते १९७६ मधली बाकीची वर्षं : साधारण सत्तर टक्के न्यूफाउंडलंडला, दहा टक्के नमुना क्यूला, थोडं ब्रिटनच्या स्थानिक अभिलेखागारांत.
- १८६१ च्या आधीचं : क्यूला, बीटी ९८.

यातून एक युक्ती निघते. आजोबा वीस वर्षं बोटीवर होते तर त्यात ५ ने संपणारी दोन वर्षं असणारच. पहिली मागणी त्याच वर्षाची करा, कारण त्या वर्षांच्या याद्या फारशा विखुरलेल्या नाहीत. मी दुसऱ्या मालोजाचं १९३५ हे वर्ष धरलं, आणि गाडी रुळावर आली ती तिथून.

सापळा : 'खलाशांचं केंद्रीय रजिस्टर' असा शब्द वाचून आशा धरू नका. १८५७ ते १९१३ या काळात ब्रिटनमध्ये असं रजिस्टर ठेवलंच जात नव्हतं आणि १९१३ ते १९१८ चं नष्ट झालंय. पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साइटवर या काळातलं 'रजिस्टर' कुणी विकत असेल तर लांब राहा.

आणखी एक, जरा कडू : भारतीय खलाशांचा करार बऱ्याचदा वेगळ्या कागदावर असे. मुख्य यादीत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं एकेक ओळीत, आणि खाली 'लॅस्कर', पुढं आकडा. कधी नावांची पुरवणी जोडलेली सापडते, कधी फक्त तो आकडा. म्हणून पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : "या जहाजाच्या या वर्षाच्या फाइलमध्ये आशियाई खलाशांची नावनिशीवार यादी आहे का?" हा एक प्रश्न न विचारल्यामुळे मला एकदा अकरा पानं आली आणि त्यात एकही देशी नाव नव्हतं.

## ६. फुकटात काय मिळतं ते आधी संपवा

१९१५ च्या याद्या. ग्रिनिच आणि क्यू यांनी स्वयंसेवकांकडून त्या वर्षाच्या सगळ्या उपलब्ध याद्या टंकून घेतल्या आहेत, साडेसात लाखांच्या आसपास नावं. नाव, वय, जन्मस्थळ, जहाज यांनी शोधता येतं, मूळ पानाचा फोटोही दिसतो. आजोबा त्या वर्षी बोटीवर नसले तरी गावातलं कुणीतरी असेल, सरावासाठी तरी बघाच.

सिडनी. पी अँड ओच्या टपालबोटी ऑस्ट्रेलियाला जात. सिडनीत बोट लागली की कप्तानाला सगळ्या माणसांची यादी द्यावी लागे. १८४५ ते १९२२ च्या या याद्या 'मरिनर्स अँड शिप्स इन ऑस्ट्रेलियन वॉटर्स' या साइटवर मोफत आहेत. काही कप्तानांनी देशी खलाश्यांची नावंही नीट लिहिली, काहींनी 'आणि इतके लॅस्कर' म्हणून हात झटकले. पण जिथं लिहिली आहेत तिथं वय आणि हुद्द्यासह आहेत.

न्यूयॉर्क. आजोबा अमेरिकेला गेलेल्या बोटीवर असतील तर तिथल्या बंदरावरच्या खलाशांच्या याद्या 'फॅमिली सर्च'वर नुसतं खातं उघडून बघता येतात. तिथं उंची-वजनही लिहीत. प्रवाशांच्या याद्यांत मात्र वेळ घालवू नका, खलाशी प्रवासी नव्हता.

## ७. यादी हातात आली, आता वाचायची कशी

इथं घाई केली की माणूस समोर असून दिसत नाही.

पहिली गोष्ट, आडनाव विसरा. यादीत माणसाचं नाव आणि पुढं बापाचं नाव असतं. राघो बाबाजी, इब्राहिम हसन, लक्ष्मण विठू. म्हणून बापाचं नाव नसेल तर शोध पुढं जात नाही.

दुसरी गोष्ट, कारकून जसं ऐकू आलं तसं लिहायचा. रत्नागिरीचं स्पेलिंग 'आर-यू-टी-एन-ए' करून पुढं 'जी-एच-ई-आर-आर-वाय' असंही येतं. आपल्या 'अ'ला ते 'यू' लिहीत, 'ऊ'ला दोन 'ओ', 'व'ला कधी 'व्ही' कधी 'डब्ल्यू'. गणू शोधायचा तर 'जी-यू-एन-एन-ओ-ओ' टाकून बघा. मी वहीत आजोबांच्या नावाची चौदा स्पेलिंगं लिहून ठेवली होती, खरं निघालं ते पंधरावं.

तिसरी गोष्ट, वयावर विश्वास ठेवू नका. वय अंदाजे सांगितलं जाई, अंदाजे लिहिलं जाई, आणि काम मिळावं म्हणून कमीही केलं जाई. आजोबा एका कागदात २७ चे आहेत, त्यानंतर वर्षभराने ३१ चे. नाव, बापाचं नाव आणि गाव या तीन गोष्टी जुळल्या तर वयाचा फरक सोडून द्या. यातल्या दोनच जुळल्या तर माणूस सापडला असं म्हणू नका. राघो बाबाजी एका तालुक्यात डझनभर असतील.

आता सारंगाचं. भरती कंपनी करी असं कागदावर दिसतं, पण प्रत्यक्षात माणसं सारंग आणायचा. तो आपल्या गावची, भावकीतली, सोयऱ्यांतली पोरं घेऊन यायचा. त्यामुळे डेकची यादी म्हणजे जवळजवळ एका खाडीकाठाची शिरगणती असते. १९३५ च्या यादीत आजोबांचं नाव मला पहिल्या वाचनात दिसलंच नाही, कारण अक्षर फिकं होतं. सारंगाचं गाव मात्र आमचंच होतं. मग मी त्याच्याखालची नावं एकेक करून गावातल्या घरांशी लावत गेलो : हा वरच्या वाडीचा, हा भगताच्या घरातला, हा ज्याची विहीर अजून आहे तो. बावीस नावांनंतर आजोबा आले.

सारंग कळला की पुढचं सोपं होतं. तो बोट बदलायचा तेव्हा त्याची टोळीही बदलायची. आजोबांची पुढची बोट सापडत नसेल तर सारंगाची शोधा. आमच्या सारंगाच्या बापाचं नाव बघितल्यावर मी कोतवाल बुक पुन्हा काढलं. तो आजोबांचा सख्खा चुलता निघाला, वयाने वीस वर्षांनी मोठा. म्हणजे १९१६ साली अठ्ठावीसचा.

## ८. लढाईत किंवा बोटीवर वारले असतील तर

महायुद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसुविधा मोफत आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आणि ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धातली नावं कोरलेली नाहीत, ती नामावलीच्या ग्रंथात आहेत : एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांच्या घरातले लोक त्यात आहेत. लंडनच्या टॉवर हिलच्या स्मारकावर आपली माणसं शोधू नका. काही नोंदींत 'अमक्याचा मुलगा, राहणार तमुक' एवढं असतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

युद्धाबाहेर, आजाराने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी क्यूमधल्या बीटी ३३४ या मालिकेत १८९१ ते १९७२ च्या मृत्यूनोंदी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या बोटींची लॉगबुकं बीटी १६५ मध्ये. लॉगबुकात मृत्यू, आजार, भांडणं, दंड सगळं येतं. आजोबांना दंड झाल्याचं वाचायची मनाची तयारी ठेवा.

## ९. मुंबईतल्या कचेऱ्या

इथं मी थोडक्यात सांगतो, कारण इथं माझ्या हाती थोडकंच लागलं.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मरीन डिपार्टमेंटचे जुने खंड आहेत. ओळखपत्र आणि अर्ज घेऊन जा. तिथं पत्रव्यवहार, नियम, तक्रारी मिळतील. खलाश्यांची नावनिशी फार क्वचित. आजोबांचं नाव मिळेल म्हणून गेलात तर निराश व्हाल, त्यांचं जग कळावं म्हणून गेलात तर आठवडा कमी पडेल.

आजोबा १९६४ नंतरही नोकरीत असतील तर सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडाकडं त्यांचं खातं असू शकतं, तेव्हा तिथं लिहा. सीडीसी क्रमांक हाताशी असेल तर शिपिंग मास्टरच्या कार्यालयाकडं माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. क्रमांक, नाव, बापाचं नाव, अंदाजे वर्षं आणि नेमका कुठला कागद हवा ते लिहा. एका ठिकाणी मला तीन टेबलांवर फिरवून शेवटी "एवढं जुनं कोण ठेवतं?" असं ऐकवलं गेलं. कॅनडातल्या बाईंनी त्याच आठवड्यात माझ्या ईमेलला तीन परिच्छेदांचं उत्तर दिलं होतं.

## १०. परदेशी पत्र लिहिताना

पत्र सहा ओळींचं पुरतं. जहाजाचं नाव, अधिकृत क्रमांक, वर्ष, खातं, माणसाचं नाव आणि बापाचं नाव स्पेलिंगच्या चार-पाच पर्यायांसह, आणि आशियाई खलाश्यांची यादी आहे का हा प्रश्न. आजीची गोष्ट त्यात लिहू नका. मी पहिल्या पत्रात लिहिली होती, दीड पान. शुल्क बदलत असतं, म्हणून आधी अंदाजपत्रक मागवा. फोटो रंगीत आणि पूर्ण पानाचे मागा, समासातल्या पेन्सिलच्या खुणा काळ्यापांढऱ्या प्रतीत दिसत नाहीत. उत्तराला सहा आठवडे लागले तर घाबरू नका. स्मरणपत्र दोन महिन्यांनी पाठवा, आधी नाही.

माझं सध्याचं पत्र न्यूफाउंडलंडला, तिथल्या सेंट जॉन्स शहरातल्या अभिलेखागाराला गेलंय, पहिल्या मालोजाच्या १९१६ च्या फाइलसाठी. क्रमांक लिहिलाय, खातं डेक लिहिलंय, आणि नावाच्या रकान्यात या वेळी आजोबांच्या जागी त्यांच्या सारंग चुलत्याचं नाव, सोळा स्पेलिंगांसह.